गाडीच्या काचेवरची जुनी फिल्म काढायला: वाफ की ऊन?
मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या हीटरच्या) तारा असतील तर वाफच बरी. कपड्यांच्या स्टीमरने आतून कोपरा तापवा, नखाने उचला आणि फिल्म तारांच्या दिशेने, आडवी, सावकाश ओढा. घाई केली की वरचा थर फाटून येतो, गोंद काचेवरच राहतो. तिथे लोखंडी ब्लेड फिरवलं तर तार गेलीच.

दारांच्या काचांना गोव्याचं एप्रिल-मेचं ऊन पुरतं, तेही फुकट. बाहेरून साबणाचं पाणी फवारून कचऱ्याची काळी पिशवी चिकटवा, गाडी तासभर उन्हात ठेवा. पावसाळ्यात मात्र स्टीमरच शोधा. उरलेला गोंद साबणपाण्यात भिजवून प्लास्टिकच्या ब्लेडने खरवडा. दाराच्या पॅडवर आधी जुना टॉवेल अंथरा, पाणी पॉवर विंडोच्या बटणांत उतरतं.