टार्डिग्रेड की डायनोकॉकस, जास्त चिवट कोण?

टार्डिग्रेडचे फोटो सगळीकडे फिरतात, आठ पायांचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा जीव, पाणी आटलं की पाय आत ओढून सुकून गोळा होतो, २००७ मध्ये तर उघड्या अंतराळात नेले तरी त्यातले काही जिवंत परत आले. भारीच आहे, पण त्या अवस्थेत तो ना खातो ना वाढतो.

माझं मत डायनोकॉकस रेडिओड्युरन्सला! हा बॅक्टेरिया १९५६ मध्ये अमेरिकेत सापडला, तोही रेडिएशन देऊन निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात. माणूस ५ ग्रे (शरीरात शोषलेलं रेडिएशन मोजायचं एकक) एवढ्यात मरू शकतो, हा ५००० ग्रे झेलतो, डीएनएचे तुकडे तुकडे होतात आणि जीनोमच्या (म्हणजे सगळ्या डीएनएच्या संचाच्या) जादा कॉप्या असल्याने काही तासांत ते जुळवून परत वाढायला लागतो. ही ताकद बहुतेक कोरडेपणामुळे आली असावी, कारण सुकल्यावरही डीएनए असाच तुटतो.