चौदा किलो तीनशे ग्रॅम

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलं. ड्रम फिरायला लागला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. मेकॅनिक आला, मागचं पॅनेल उघडलं, टॉर्च मारली, "पार्ट आला की फोन करतो" म्हणाला आणि गेला. इंदूरला जुलैमध्ये गच्चीवर कपडे वाळत घालणं म्हणजे दिवसातून चार वेळा जिने चढणं. घरात माणसं पाच. तेव्हा कॉलनीच्या वळणावर नव्याने उघडलेल्या, किलोवर कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीत गेलो. चार आठवडे घरचं सगळं धुणं तिथे जात होतं. दुकानाचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे. तशीही अशी दुकानं आता राजेंद्र नगरपासून विजय नगरपर्यंत झाली आहेत आणि कारभार सगळ्यांचा साधारण सारखाच.

पहिल्या दिवशी मी आणि मुलगा दोन गाठोडी घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने ती जाळीच्या पिशवीत कोंबली, काट्यावर ठेवली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भिया, चौदह किलो तीन सौ." मग एकेक कपडा काढून मोजला. नग त्रेपन्न. पावतीवर सगळं छापून आलं. घरी आल्यावर बायकोने पावती बघितली आणि तिला धुलाईच्या दरापेक्षा मोजणीचाच राग आला. "अहो, आपले कपडे चारचौघांत मोजू दिलेत तुम्ही?"

मला मात्र ती पावती फार आवडली. माझं मेडिकल स्टोअर आहे, सव्वीस वर्षं झाली. मोजल्याशिवाय माल ठेवायचा नाही ही सवय हाडात आहे. दुकानातल्या तीन हजार औषधांपैकी कुठलं किती पडलंय हे मला झोपेतही सांगता येईल. आणि घरी पाच माणसांचे तीन दिवसांचे कपडे चौदा किलो भरतात हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, दुसऱ्याच्या काट्यावर कळलं.

दर असे: धुवून, वाळवून, घडी करून ₹75 किलो. इस्त्री हवी तर नगाला ₹8 वेगळे. कमीत कमी चार किलो. मंगळवार आणि शनिवार सकाळी कपडे घ्यायचे, दोन दिवसांनी परत. पाऊस लागून राहिला तर तिसऱ्या दिवशी. एका गिऱ्हाइकाचे कपडे एका मशीनमध्ये, दुसऱ्याचे त्यात मिसळत नाहीत. हे मी काचेतून उभा राहून बघितलं आहे, ते खरं आहे. वाळवायला गॅसवरचा ड्रायर. कपडे कोरडे येतात, ओलसर कुबट वास अजिबात नाही. त्याऐवजी एक गुलाबाचा वास येतो, जो माझ्या आईला तीन दिवस शिंका आणून गेला. दुसऱ्या खेपेपासून "बिना खुशबू" असं पावतीवर लिहून घेतलं. तुम्हीही घ्या.

दर किलोवर असला की घरात काय होतं ते सांगतो. पहिल्याच रविवारी मी स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा घेऊन बसलो. मुलाची जीन्स 680 ग्रॅम. माझा सुती शर्ट 210. आईची रोजची व्हॉइलची साडी 380. बायकोचा कुर्ता-सलवार-ओढणी मिळून 430. टर्किश टॉवेल 520. डबल बेडची चादर दोन अभ्र्यांसकट एक किलो शंभर. आता ₹75 ने गुणा. जीन्स एकदा धुवायचे ₹51. मुलगा ती एकदा घालून, क्लासला जाऊन आला की धुण्यात टाकायचा. मी त्याला फक्त आकडा सांगितला, उपदेश केला नाही. त्या आठवड्यापासून जीन्स तीनदा घातली जाते.

टॉवेलची गोष्ट मोठी आहे. एक टॉवेल ₹39, पाच माणसं, पावसाळ्यात दर दोन दिवसांनी वास येतो म्हणून धुवायचे. आई हे सगळं झोपाळ्यावरून ऐकत होती. आत गेली आणि ट्रंकेतून चार पंचे घेऊन आली. पातळ, लाल काठाचे, धुवून धुवून मऊ झालेले. "तुझ्या वडिलांनी जन्मभर पंच्याने अंग पुसलं, त्यांना कुठे काय झालं? हे वजन कर." वजन केलं: 150 ग्रॅम. म्हणजे ₹11. शिवाय पंचा पंख्याखाली तासा-दीड तासात वाळतो, त्याला लॉन्ड्री लागतच नाही. टर्किश टॉवेल जाड फासांचा, पाणी भरपूर पितो आणि सोडताना रडतो. मुलगी सोडून आम्ही सगळे पंच्यावर आलो. मुलगी म्हणते पंच्याने केस पुसले जात नाहीत. तिचे केस बघता तिचं खरं आहे.

वजनाबद्दल एक बारीक गोष्ट. कपडे कोरडे करूनच काट्यावर ठेवा. नुसता घामाने दमट झालेला बनियनसुद्धा वजन वाढवतो. आणि सुती कापड कोरडं दिसलं तरी एरवीच हवेतली सात-आठ टक्के ओल धरून असतं, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. पावसाळी हवेत सुती आणखी धरतं. म्हणजे लॉन्ड्रीवाल्याला तुम्ही थोडे ढगांचेही पैसे देता. मी ते त्या पोराला सांगितलं, तो हसला, कमी काही केलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चार आठवड्यांच्या सगळ्या खेपा मिळून धुलाईचे बरेच पैसे झाले. इस्त्रीचे वेगळे. एवढे पैसे गेल्यावर मला खरा प्रश्न पडला की या घराला कपडे लागतात तरी किती? बायको म्हणे आहेत तेही कमी पडतात. आई म्हणे निम्मे वाटून टाका. दोघींकडे आकडा नव्हता.

माझ्याकडे दुकानाचा हिशेब आहे. जो माल दवा बाजारात सकाळी सांगितला की संध्याकाळी हातात येतो, त्याच्या दोन-तीन स्ट्रिपा पुरतात. जो बाहेरगावहून चार दिवसांनी येतो, त्याच्या दहा लागतात. किती खपतो यापेक्षा परत भरायला किती दिवस लागतात यावर साठा ठरतो. कपड्यांचं तेच. शर्ट मंगळवारी सकाळची खेप गेल्यावर घातला, तर तो शनिवारी लॉन्ड्रीत जाणार आणि पावसात पुढच्या मंगळवारी येणार. सात दिवस. म्हणजे सात शर्ट. वर दोन, कारण कुठेतरी अचानक जावं लागतं आणि कुठेतरी आमटी सांडते. नऊ. एप्रिलमध्ये हाच शर्ट घरच्या मशीनमध्ये धुवून दुपारी गच्चीवर घातला की दोन तासांत कडक वाळतो. तेव्हा पाच पुरतात, उन्हामुळे दिवसातून दोनदा बदलले तर सात. कपाटाकडे बघून हा आकडा कधीच निघाला नसता. तो धुणं परत कधी येतं यातूनच निघतो.

हे मी जेवताना सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आम्ही क्रोसिन आहोत का?"

तरी मी एका रविवारी दुकान लवकर बंद करून मोजणी केली. माझे शर्ट 26. बायकोचे कुर्ते 34, रोजच्या साड्या 17. मुलीचे टॉप आणि कुर्त्या मिळून 41. मुलाचे टी-शर्ट 23. आईच्या साड्या 12, त्यातल्या सहा वापरात आणि सहा ट्रंकेत. शालू, पैठणी, लग्नातली शेरवानी हे मी मोजलं नाही. ते माल नव्हेत, त्यांना कोणी हात लावायचा नाही असं मला स्पष्ट सांगण्यात आलं.

मग दुकानातले रबरबँड आणले, औषधांच्या गठ्ठ्यांना येतात ते. माझ्या प्रत्येक शर्टाच्या हँगरच्या आकड्यात एकेक अडकवला. शर्ट घातला की रबरबँड काढायचा, बस. दोन महिन्यांनी बघितलं तर पंधरा हँगरांवर रबरबँड तसेच. म्हणजे सव्वीसातले अकरा मी घालतो. हिशेबाने नऊ यायला हवे होते. दोन शर्ट कुठले जास्तीचे तेही मला ठाऊक आहे, ते फक्त सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना जाताना घालतो.

पंधरांमधले काही अगदी नवे होते. एकाला किमतीचं लेबल होतं. दुकानात याला आम्ही नॉन-मूव्हिंग म्हणतो आणि मुदत संपायच्या आत स्टॉकिस्टला परत करतो. शर्ट कोण परत घेणार?

बायकोने बोहारणीला बोलावलं. हिंदीत तिला इथे बर्तनवाली म्हणतात, आमच्या घरात अजून बोहारीणच. तिने अंगणात कपडे पसरून एकेक उजेडात धरला, काखेतलं कापड विरलंय का बघितलं, कॉलर उलटून बघितली. पारख अशी की माझा लॉन्ड्रीवाला तिच्याकडे शिकायला पाठवावा. शेवटी अकरा कपड्यांना एक स्टीलचा झाकणाचा डबा, तोही बायकोने जास्तीच्या दोन ओढण्या दिल्यावर. सौदा पूर्ण होत आला तेवढ्यात आई बाहेर आली आणि ढिगातून एक साडी ओढून घेतली. फिकी झालेली महेश्वरी. "ही नाही जायची. हिचा काठ बुगडीचा आहे." बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, साडी उलट-सुलट कशीही नेसता येते. "एका साडीच्या दोन होतात या," आई म्हणाली. माझ्या कागदावर तिच्या साड्या बारा होत्या. महेश्वऱ्या पाच आहेत, दुहेरी धरल्या तर सतरा होतील. मी आकडा बदलला नाही.

रंगपंचमीचं एक खातं वेगळं काढावं लागलं. इंदूरकरांना सांगायला नको, गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जायचं तर अंगावरचे कपडे परत येणार नाहीत असं धरूनच जायचं. त्यासाठी प्रत्येकाचा एक जुना जोड ठेवायचा, हे पटलं. पण आमच्याकडे "गेरला होतील" या नावाखाली अकरा जोड निघाले आणि गेरला गेली सहा वर्षं फक्त मुलगा जातो. त्याचे दोन ठेवले.

आता तक्रार. तिसऱ्या आठवड्यात मुलाचे शाळेचे दोन्ही पांढरे शर्ट गुलाबी होऊन आले. अगदी गुलाबी नव्हे, दुधात रूह अफ्जाचा एक थेंब पडावा तसे. मी पावती घेऊन गेलो. पोरगा म्हणाला, "अंकल, आपके ही कपड़े थे, किसी और के नहीं." खोटं नव्हतं. मुलीने नवी बाग प्रिंटची, म्हणजे बाग गावच्या ठशांच्या छपाईची, ओढणी घेतली होती, लाल, न धुतलेली, आणि ती त्याच पिशवीत गेली होती. पण बाग प्रिंट पहिल्या धुण्यांत रंग सोडते हे माळव्यात धुलाईचं दुकान घालणाऱ्याला माहीत नसावं? पांढरे वेगळे काढायचे पैसे वेगळे, असं उत्तर मिळालं. ते बोर्डावर कुठे लिहिलेलं नाही. भांडून एका खेपेची इस्त्री माफ झाली. शर्ट नवे घ्यावे लागले. गणवेश ही एकच गोष्ट अशी की तिथे माझा हिशेब चालत नाही: दोन जोड पुरतात आणि तरीही तिसरा हवाच.

इस्त्रीही बेताची. शर्टाचं पाठीमागचं पान छान, पण कॉलरच्या टोकांना सुरकुत्या आणि बाह्यांवर दुहेरी रेघ. आमच्या गल्लीतला कोळशाच्या इस्त्रीवाला नगाला ₹6 घेतो आणि टोक असं काढतो की कागद कापावा. इस्त्री लॉन्ड्रीत देऊ नका.

ऑगस्टमध्ये मशीन दुरुस्त झालं, बेअरिंग आणि सील मिळून ₹4,200. आता रोजचे कपडे घरी. चादरी, सोलापुरी चादरी, पडदे, दुलईची कव्हरं मात्र मी अजून लॉन्ड्रीतच देतो, पंधरा दिवसांनी एकदा. सात किलोच्या मशीनमध्ये दोन चादरी कोंबल्या की गोळा होऊन फिरतात, मध्ये कोरड्या राहतात आणि बेअरिंगवर ताण येतो, हे मेकॅनिकने वर ₹300 घेऊन समजावलं. जड, सपाट, रंग न सोडणारं आणि इस्त्री न लागणारं सामान असेल तर हे दुकान चांगलं आहे. पाचपैकी साडेतीन देईन.

दिवाळीची खरेदी जवळ आली आहे. मुलीने स्वतःच्या एकेचाळीस हँगरांना रबरबँड लावले होते, मी न सांगता. परवा तिने मला यादी दिली: एकोणीस रबरबँड शिल्लक, ते सगळे देऊन टाकायला तयार, बदल्यात चार नवे ड्रेस. बायको म्हणाली, "घ्या, शिकवा अजून." तीनवर तोडगा निघाला आहे. एकोणीसातले सहा नगर निगमच्या थ्री-आर केंद्रावर, म्हणजे जुन्या वस्तू पुन्हा वापरासाठी घेतात तिथे, द्यायचे, बाकीचे तिच्या मावसबहिणीला.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी अकराच्या आत जा, नंतर रांग लागते. आणि काट्यावर पिशवी चढण्याआधी रिकामी पिशवी ठेवून शून्य करायला सांगा. ती जाळीची पिशवी 280 ग्रॅमची आहे, मी घरी आणून मोजली. दर खेपेला ₹21. मी सांगेपर्यंत सगळे गिऱ्हाईक ते देत होते. अजूनही न सांगणाऱ्यांकडून घेतात.