रॉबिन हूड लाईन: नाव सोनुबाई, पण वाळा अगदीच कथलाचा नाही

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला कोणी पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला, रॉबिन हूडचं, म्हणजे श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणाऱ्या दंतकथेतल्या दरोडेखोराचं, जंगल कुठंय. मग कोणीतरी मोबाईल काढतं, नकाशात ‘रॉबिन हूड लाईन’ नावाची रेल्वे दिसते आणि सगळे खूश, चला ट्रेननेच जाऊ. तर आधीच सांगून टाकतो, ही गाडी शेरवूडच्या जंगलात जात नाही. रॉबिन हूडचं म्हणून दाखवतात ते प्रसिद्ध जुनं झाड, मेजर ओक, आहे एडविनस्टो गावाजवळ आणि एडविनस्टोला या लाईनचं स्टेशनच नाही, मॅन्सफील्डला उतरून बस घ्यावी लागते, नाहीतर नॉटिंगहॅमपासूनच शेरवूड ॲरो नावाची बस पकडायची जी जरा रमतगमत जाते पण जंगलाच्या दिशेने तरी जाते. आणि हो, नॉटिंगहॅम शहरातच शेरवूड नावाचा एक भाग आहे, तिथे दुकानं आणि घरं आहेत, झाडं शोधत तिथे उतरू नका.

एवढं ऐकून गाडीवर फुली मारणार असाल तर थांबा जरा. मला ही लाईन आवडते आणि पाचपैकी साडेतीन स्टार देतोय ते विचार करून देतोय.

गाडी म्हणजे साधी छोटी डिझेल गाडी, नॉटिंगहॅमहून निघते, बुलवेल, हकनॉल, न्यूस्टेड, कर्कबी, सटन, मॅन्सफील्ड, शायरब्रुक, क्रेसवेल असं करत वर्कसॉपला पोचते, सव्वा तासाच्या आतबाहेर. मॅन्सफील्ड वूडहाउसपर्यंत गाड्या बऱ्या आहेत, पुढे वर्कसॉपपर्यंत तासाला एक धरून चाला आणि रविवारी वेळापत्रक बघितल्याशिवाय घर सोडू नका. शाळा-ऑफिसची वेळ सोडली तर जागा मिळते. छोट्या स्टेशनांवर तिकीट खिडकी वगैरे काही नाही, मोबाईलवरच काढलेलं बरं. बुलवेल ते हकनॉल ट्रामचे रूळ अगदी शेजारून पळतात, लहान मुलं असतील तर डब्याच्या त्या बाजूला बसा, ट्राम आणि ट्रेन बरोबरीने धावायला लागल्या की पोरं वेडी होतात.

आता नावाचं. हे नाव जेमतेम तीस वर्षांचं आहे बरं का. हा सगळा पट्टा मुळात कोळशाचा. लाईनवरच्या जवळजवळ प्रत्येक गावाला एक खाण होती, न्यूस्टेडला, ॲनस्लीला, शायरब्रुकला, क्रेसवेलला, आणि क्रेसवेलच्या खाणीत १९५० साली आग लागून ८० माणसं गेली. पॅसेंजर गाड्या १९६४ मध्ये बंद झाल्या आणि मॅन्सफील्डसारखं चांगलं मोठं शहर तीस वर्षं बिनस्टेशनचं राहिलं. मग खाणीही एकेक करून बंद पडायला लागल्या, गावांत काम उरलं नाही, आणि त्याच सुमाराला कौन्सिलने पुढाकार घेऊन लाईन परत चालू केली, १९९३ ला न्यूस्टेडपर्यंत, १९९५ ला मॅन्सफील्डच्या पुढे, १९९८ ला थेट वर्कसॉप. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा कोळशाचं ठेवून कोण पर्यटक येणार, म्हणून ठेवलं रॉबिन हूडचं. मार्केटिंग म्हणून मी त्यांना दोष देत नाही, पण खिडकीतून जे दिसतं त्यातलं निम्मं खाणींचं आहे आणि बोर्डावर सगळं हिरव्या कपड्यांतल्या रॉबिन हूडचं, हे खटकतं जरा.

पण गंमत अशी की याच लाईनवर खरोखरची जुनी रॉबिन हूड नावं पण आहेत आणि त्यांचा उल्लेख कुणीच करत नाही! न्यूस्टेड सुटलं की थोड्या वेळात गाडी बोगद्यात शिरते. डोक्यावर ज्या टेकड्या असतात त्यांचं नाव रॉबिन हूड हिल्स. हे नाव कौन्सिलने कमिटी बसवून ठेवलेलं नाही, ते गावकऱ्यांच्या तोंडी आलेलं आहे. आणि बोगदा म्हणाल तर लाईन बंद असताना खाणीचा कचरा टाकून तो चक्क बुजवून टाकला होता, परत चालू करताना सगळा उकरून काढावा लागला. म्हणजे वर रॉबिन हूड, खाली कोळसा, मधून आपण. अंधारात कोणी मोबाईलमधून मान पण वर काढत नाही, स्पीकरवर पुढच्या स्टेशनचं नाव येतं आणि संपलं. एक ओळ सांगायला काय जातं यांचं?

सगळ्यात पैसा वसूल स्टेशन म्हणजे क्रेसवेल. इथून चालत क्रेसवेल क्रॅग्स नावाची चुनखडकाची घळ आहे, मधे पाणी, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि कड्यांत गुहा. डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायरची हद्द या घळीतूनच जाते. यातल्या मोठ्या गुहेचं नाव, ओळखा, रॉबिन हूड केव्ह. गाईडसोबतच आत सोडतात, डोक्यावर हेल्मेट, उन्हाळ्यात पण आत गारठा असतो, त्यामुळे जॅकेट न्याच. गाईडने टॉर्च भिंतीवर फिरवला की ओलसर पिवळट दगड दिसतो, मग एक अरुंद वळण, मग परत मोकळी जागा, आणि तुमच्या डोक्यात आपोआप चोरलेल्या हरणाचं मटण भाजत बसलेली टोळी यायला लागते. पण या गुहेचा खरा हिरो वेगळाच आहे. १८७६ साली इथे एका बरगडीच्या हाडाच्या तुकड्यावर कोरलेला घोडा सापडला, हिमयुगातला, बारा हजार वर्षांहून जुना, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोरच्या बाजूच्या चर्च होल नावाच्या गुहेत २००३ मध्ये भिंतीवरची कोरलेली चित्रं सापडली, तीही हिमयुगातलीच. त्याच्याही आधी इथे तरस राहायचे, त्यांची हाडं मिळालीत. रॉबिन हूड झालाच असेल तर तो या गुहेतला अगदी अलीकडचा भाडेकरू म्हणायचा!

आपल्याकडे कसं, डोंगरात काहीही कोरलेलं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत केलं, मग ते बौद्ध लेणं का असेना. तसाच प्रकार आहे हा. माणसाने केलेलं वाटत नाही किंवा कोणी केलं ते आठवत नाही अशी प्रत्येक गुहा, झरा, मोठा धोंडा इथे रॉबिन हूडच्या नावावर. डर्बीशायरमध्ये खडकांचे दोन सुळके लांब लांब उभे आहेत त्याला रॉबिन हूडची ढांग म्हणतात, त्या हिशोबाने तो वीस-पंचवीस माणसांएवढा उंच पाहिजे. हॅदरसेज गावच्या चर्चच्या आवारात त्याच्या टोळीतल्या लिटल जॉनची कबर दाखवतात, ती पण तशीच लांबलचक. मॅन्सफील्डच्या दक्षिणेला ब्लिडवर्थ गावात टोळीतल्याच विल स्कार्लेटची कबर म्हणून एक दगड दाखवतात, जवळच टोळीतल्या साधूची, फ्रायर टकची विहीर, आणि मॅन्सफील्डजवळच्या एका रानाचं नावच थीव्ज वूड आहे, चोरांचं रान, म्हणजे नाव न घेता सगळं सांगून मोकळे. ही सगळी नावं मला आवडतात कारण त्यात विकायला काही नाही. तिथे गेलात तर दगड असतो आणि शेजारी कुत्रं फिरवणारा एखादा आजोबा असतो, बस.

याच्या उलट नवीन नावं बघा. नॉटिंगहॅमच्या मधोमध रॉबिनच्या प्रेयसीच्या नावाचा, मेड मॅरियन वे नावाचा मोठा रस्ता आहे, १९६० च्या दशकात जुनं गाव कापून काढलेला, युरोपातला सगळ्यात कुरूप रस्ता म्हणून नावाजलेला, बिचाऱ्या मॅरियनने कुणाचं काय घोडं मारलं होतं कळत नाही. त्याच्या वर किल्ल्याच्या भिंतीपाशी १९५२ साली बसवलेला रॉबिन हूडचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याच्या बाणाची इतक्या वेळा चोरी झालीये की जाल तेव्हा आधी बाण आहे का ते बघा. चोराच्या पुतळ्याचा बाण चोरणं, आता बोला. कौन्सिल हाउसच्या घुमटात दहा टनांच्या वर वजनाची घंटा आहे, ती लिटल जॉन, आवाज इतका खोल की पोटात जाणवतो, हे नाव मात्र फिट बसलंय. फ्रायर लेनचा टकशी काही संबंध नाही, तिथे खरोखर मध्ययुगात साधूंचा मठ होता, पण टूरवाले ते सांगत नाहीत.

आणि हा सगळा खटाटोप करून जुन्यातली जुनी पोवाड्यांसारखी गाणी काय सांगतात? की तो मुख्यतः यॉर्कशायरच्या बार्न्सडेलचा! नॉटिंगहॅमला यायचा तो शेरीफशी, म्हणजे तिथल्या राजाच्या अधिकाऱ्याशी, पंगा घ्यायला. यॉर्कशायरवाल्यांनी म्हणूनच २००५ मध्ये डॉन्कॅस्टरच्या विमानतळाला रॉबिन हूडचं नाव दिलं, नॉटिंगहॅमवाल्यांनी नाकं मुरडली, २०१६ मध्ये नावातून रॉबिन हूड गेला आणि २०२२ मध्ये विमानंच बंद झाली. टेकड्यांची नावं अजून तशीच आहेत.

मेजर ओकबद्दल थोडक्यात, कारण सगळे तेच विचारतात. झाड जबरदस्त आहे, ८०० ते १००० वर्षांचं सांगतात, बुंध्याचा घेर साधारण ११ मीटर, फांद्यांना टेकू दिलेत, कुंपणाच्या बाहेरूनच बघायचं. व्हिजिटर सेंटरपासून रमतगमत वीस मिनिटं. मेजर म्हणजे मोठा असं वाटतं पण नाव हेमन रूक नावाच्या लष्करातल्या मेजरवरून पडलंय, त्याने १७९० मध्ये या झाडाबद्दल लिहिलं. म्हणजे रॉबिन हूडच्या सगळ्यात प्रसिद्ध झाडाला नाव दुसऱ्याचंच. एडविनस्टोच्या चर्चमध्ये रॉबिन-मॅरियनचं लग्न लागलं म्हणतात, तिथे दोन मिनिटं डोकवा, छान शांत आहे. त्या भागातल्या एका कॅफेत मेन्यूवरच्या प्रत्येक पदार्थाला टोळीतल्या कोणाचं तरी नाव होतं आणि चव एकालाही नव्हती, श्रीमंतांना लुटायचं ठरलं असताना आम्हाला का लुटलं देव जाणे. डबा न्या.

तर कोणी जावं? ज्यांना फक्त झाडासोबत फोटो पाहिजे त्यांनी बस किंवा कार. ज्यांना एक दिवस हाताशी आहे त्यांनी सकाळी नॉटिंगहॅमहून थेट क्रेसवेलचं रिटर्न काढा, गुहेची वेळ आधी बुक करा, परतीत मॅन्सफील्डला उतरून पाय मोकळे करा, शहराच्या डोक्यावरून जाणारा दगडी पूल खालून बघण्यासारखा आहे. दीड स्टार कापला तो रेल्वेवाल्यांच्या आळसापायी. न्यूस्टेडच्या प्लॅटफॉर्मवर एक साधा बोर्ड लावा, पुढच्या बोगद्यावर रॉबिन हूड हिल्स आहेत आणि हा बोगदा खाणीच्या कचऱ्यातून परत उकरून काढलाय, एवढंच लिहा, मी अर्धा स्टार लगेच वाढवतो.