मनगटावरचा मुकादम : फिटनेस बँडचे आठ महिने

वस्तू घेतल्यावर आठवड्याभरात लिहिलेल्या परीक्षणांवर माझा फारसा विश्वास नाही. म्हणून हा बँड आठ महिने वापरून मग लिहितेय.

चार्जिंग आठवडाभर सहज पुरतं. पट्टा मात्र घामाने खाजतो, रात्री एक भोक सैल करावा लागतो.

नाडी मोजायची त्याची तऱ्हा मला आवडली. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकत असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. दर ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून आकडा काढतात. मी नाडीवर बोटं ठेवून, घड्याळ लावून मिनिटभर मोजलं: 72. बँड म्हणे 73. चला, पास. जिना भराभर चढताना मात्र तो गडबडतो, हात हलला की प्रकाशाचं गणित बिघडतं.

झोपेच्या बाबतीत जरा सांभाळून. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. हालचाल आणि ठोक्यांवरून तो अंदाज बांधतो. एका सकाळी मी चांगली ताजीतवानी उठले, स्क्रीनवर पाहिलं तर 54 गुण. झालं, दिवसभर जांभया! झोपेच्या आकड्यांपायी झोपेचीच काळजी लागण्याला संशोधकांनी 2017 मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही देऊन टाकलंय.

आणि ते रोजच्या दहा हजार पावलांचं लक्ष्य. ऑफिसातल्या आमच्या ग्रुपवर रोज रात्री स्क्रीनशॉट पडायचे. साडेदहाला मी पलंग ते कपाट, कपाट ते पलंग अशा येरझाऱ्या घालायचे, 9,640 वर झोपणं म्हणजे नापास होणं वाटायचं. गुडघा दुखणारी एक मैत्रीण काही न बोलता ग्रुपमधून निघून गेली. तिला ‘का गं?’ म्हणून विचारायला मला दोन आठवडे लागले. पुढे कळलं की 1965 साली जपानमध्ये ‘मान्पो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं होतं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’! हा आकडा काही डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नव्हता, यंत्राच्या नावातून तो पसरला. चालणं चांगलंच, त्यावर वाद नाही. पण 9,640 ला रडायचं कारण नव्हतं.

मधे आईला तपासण्यांसाठी घेऊन गेले होते. व्हीलचेअर ढकलत या खोलीतून त्या खोलीत, लिफ्ट, पुन्हा खाली, एक कागद राहिला म्हणून परत वर. संध्याकाळी पाय भरून आले होते आणि बँडवर जेमतेम 1,900. हँडल धरलेलं, हात स्थिर. त्याच्या लेखी मी चाललेच नव्हते. आदल्या दिवशी बसल्या बसल्या कपड्यांना इस्त्री करताना याच बाबाने मला बरीच पावलं बहाल केली होती.

घ्यायचा असेल तर गजरासाठी घ्या. मनगटावर नुसता थरथरतो, शेजारी झोपलेल्याची झोपमोड होत नाही. मी झोपेचे गुण आणि पावलांचं लक्ष्य दोन्ही बंद करून टाकलंय. ग्रुप अजून म्यूट आहे.

आईने मात्र त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या माझं मनगट धरून विचारलं होतं, “हे हिरवं काय गं लुकलुकतंय?” मी म्हटलं, “माझे ठोके मोजतंय.” तिने दोन बोटं माझ्या नाडीवर ठेवली आणि तपासणीसाठी तिचा नंबर येईपर्यंत तशीच ठेवली.