एनव्हीडीए स्क्रीन रीडर: वेबसाइट तपासायला आठ महिने वापरल्यानंतर

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा मोफत, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. मायकेल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचं काम सुरू केलं. ते स्वतः अंध आहेत, आणि हा प्रोग्राम वापरताना ते जाणवतं. जगभरातले अंध वापरकर्ते तो रोज वापरतातच. इथे लिहिलेला अनुभव मात्र वेबसाइट बनवणाऱ्यांच्या बाजूचा आहे: आपण बांधलेलं पान ऐकून कळतं का, आणि नुसत्या कीबोर्डवर त्यातलं काम पुरं होतं का, हे तपासायला तो किती उपयोगी पडतो?

बसवणं सोपं आहे. इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर पोर्टेबल कॉपी बनवून पेनड्राइव्हवरून चालवता येते. एनव्हीडीएला आज्ञा देताना दुसऱ्या कीसोबत दाबायची ‘एनव्हीडीए की’ मुळात इन्सर्ट असते; पहिल्या स्वागताच्या खिडकीत कॅप्स लॉकलाही एनव्हीडीए की करण्याची चौकट असते, ती टिक करून टाका. बऱ्याच लॅपटॉपवर इन्सर्ट की नसते, किंवा दुसऱ्या कीच्या आड दडलेली असते. सुरुवातीला हमखास होणारा घोळ म्हणजे आवाज अचानक बंद पडणं. बहुतेक वेळा एनव्हीडीए की आणि एस चुकून एकत्र दाबली गेलेली असते. तीच जोडी पुन्हा दाबत राहिलं की बोलणं परत सुरू होतं. चालू वाक्य थांबवायला फक्त कंट्रोल पुरे.

दुसरं काम म्हणजे टूल्स मेनूतून स्पीच व्ह्यूअर उघडणं. एनव्हीडीए जे बोलतो ते तिथे अक्षरांत उमटतं. तपासणाऱ्यासाठी या प्रोग्राममधली सगळ्यात कामाची सोय हीच, कारण ऐकलेलं जसंच्या तसं उचलून त्रुटीच्या नोंदीत घालता येतं. थोडा सराव झाला की सेटिंगमधला स्क्रीन कर्टनही चालू करून बघा. स्क्रीन काळी होते आणि डोळ्यांनी चोरून बघणं बंद होतं. पडदा उघडा असताना नीट वाटणारी पानं पडदा पडल्यावर कुठे अडतात ते लगेच समजतं.

नवख्या तपासनिसाची नेहमीची चूक म्हणजे टॅब दाबत पानभर फिरणं. टॅब फक्त लिंक, बटनं आणि फॉर्मच्या रकान्यांवर थांबतो. मधला मजकूर तो ओलांडून जातो. स्क्रीन रीडर वापरणारे असं वाचत नाहीत. ते ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे कळा टाइप होण्याऐवजी पानावर फिरवतात त्या अवस्थेत, एच दाबून हेडिंगवरून हेडिंगवर जातात, १ ते ६ आकड्यांनी नेमक्या पातळीचं हेडिंग गाठतात, डीने पानाचे मुख्य विभाग, एफने फॉर्मचे रकाने, टीने तक्ते शोधतात. एनव्हीडीए की आणि एफ७ दाबली की सगळ्या लिंक आणि हेडिंगची यादी उघडते. ही यादी म्हणजे पानाचा एक्स-रेच. ‘अधिक वाचा’ अशा बारा लिंक एकाखाली एक दिसल्या, की लेखाचं नाव लिंकमध्ये का हवं ते कुणाला समजावावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. लाइटहाउस, ॲक्स यांसारखी स्वयंचलित साधनं आधी चालवावीतच. ऑल्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) नसलेली चित्रं, नाव नसलेली बटनं, अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कमी पडणारा रंगभेद ती मिनिटभरात दाखवतात. पण लाइटहाउसने १०० गुण दिलेल्या पानावरही फॉर्म भरता न येणं अगदी शक्य आहे. चित्राला ऑल्ट आहे एवढंच साधनाला दिसतं. त्यात फाइलचं नाव कोंबलंय की खरं वर्णन आहे, हे त्याला ठरवता येत नाही. नुसत्या शोभेच्या चित्राला रिकामं ऑल्ट द्यायचं असतं, म्हणजे एनव्हीडीए ते सोडून पुढे जातो. ऑल्ट मुळातच नसलेलं चित्र लिंकच्या आत असेल, तर तो लिंकच्या पत्त्यातले तुकडे वाचायला लागतो, आणि ते ऐकणं खरोखर त्रासाचं असतं.

आठ महिन्यांत सगळ्यात जास्त दोष सापडले ते फॉर्ममध्ये. एक नेहमीचा नमुना जवळून बघू. मोबाइल क्रमांकाचा रकाना आहे, त्यात नऊच आकडे भरलेत, आणि ‘पाठवा’ बटन दाबलं. स्क्रीनवर रकान्याखाली लाल अक्षरांत सूचना उमटते. एनव्हीडीए गप्प. फोकस, म्हणजे कीबोर्डची सध्याची जागा, अजून बटनावरच. ऐकणाऱ्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही, म्हणून तो पुन्हा बटन दाबतो. पुन्हा शांतता.

दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते. चुकलेल्या रकान्याला एरिया-इनव्हॅलिड ट्रू करायचं (एरिया म्हणजे स्क्रीन रीडरला जादा माहिती पुरवणारे एचटीएमएलमधले गुणधर्म). सूचनेच्या मजकुराला आयडी देऊन तो एरिया-डिस्क्राइब्डबायने रकान्याशी जोडायचा. आणि बटन दाबल्यावर फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्यायचा. मग रकान्याचं नाव, तो आवश्यक आहे, नोंद चुकीची आहे आणि ‘१० आकडे लागतात’ हे सगळं एका दमात ऐकू येतं. यातलं एरिया-इनव्हॅलिड एकटंच लावलं तर चूक आहे एवढंच कळतं, कोणती ते नाही.

रकान्याच्या आतल्या फिकट अक्षरांवर, म्हणजे प्लेसहोल्डरवर, लेबलचं काम भागवणं ही दुसरी जुनी खोड. टाइप करायला लागताच ती अक्षरं नाहीशी होतात, आणि हे फक्त अंध माणसालाच नडतं असं नाही. मध्येच फोन घेऊन परत आलेल्या कुणालाही रकाना कशाचा होता ते आठवत नाही. खरा लेबल टॅग वापरा, त्याचा फॉर रकान्याच्या आयडीशी जुळवा. रेडिओ बटनांचा गट असेल तर फील्डसेट आणि लेजंड हवेत, नाहीतर नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’ ऐकू येतं, प्रश्न मात्र येत नाही.

पान न बदलता येणाऱ्या संदेशांचीही अशीच गत. ‘कार्टमध्ये जमा झालं’, ‘२४ निकाल सापडले’ असले मजकूर लाइव्ह विभागात, म्हणजे मजकूर बदलताच स्क्रीन रीडर वाचून दाखवतो अशा भागात, घालायचे असतात. तरी कधी वाचले जातात, कधी नाही. बहुतेकदा कारण एकच: विभाग आणि मजकूर स्क्रिप्टने एकाच वेळी पानात टाकलेले असतात. रिकामा विभाग आधीपासून पानात ठेवा आणि नंतर फक्त मजकूर बदला. साध्या माहितीला स्टेटस रोल (रोल म्हणजे त्या भागाचं काम सांगणारा गुणधर्म), तातडीच्या चुकीला अलर्ट. सगळ्यालाच अलर्ट लावलं तर चालू वाचन दर वेळी मध्येच तुटतं.

एरियाच्या अतिवापराने होणारं नुकसान एनव्हीडीएवर फार ठळक दिसतं. साइटच्या साध्या लिंकांच्या पट्टीला मेनू रोल दिला की एनव्हीडीए फोकस मोडमध्ये, म्हणजे कळा थेट पानाकडे जाणाऱ्या अवस्थेत, जातो; एच, डी, टी या एकाक्षरी कळा बंद पडतात आणि बाण-कळांची अपेक्षा तयार होते. ती स्क्रिप्ट कुणी लिहिलेलीच नसते, त्यामुळे माणूस तिथेच अडकतो. अशा पट्टीला नॅव्ह टॅग आणि आत यादी एवढं पुरतं. उघडझाप होणारा भाग असेल तर बटन टॅगवर एरिया-एक्सपांडेड द्या. डिव्हला क्लिक लावून बनवलेलं ‘बटन’ तर टाळाच: त्याला फोकस मिळत नाही, एंटर आणि स्पेस चालत नाहीत, आणि ते बटन आहे हेही बोललं जात नाही. तिन्ही गोष्टी हाताने जोडण्यापेक्षा बटन टॅग लिहिणं कितीतरी स्वस्त.

मराठी मजकुराबद्दल थोडं वेगळं. पानाच्या लँगमध्ये, म्हणजे भाषेच्या नोंदीत, एमआर हा मराठीचा कोड आहे का ते सगळ्यात आधी बघा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या इंजिनमध्ये मराठी आवाज आहे, आणि आपोआप भाषा बदलण्याचा पर्याय चालू असेल तर तो लँग बघूनच आवाज निवडतो. दुसऱ्या साच्यावरून उचललेल्या पानात इंग्रजी किंवा हिंदीचा कोड तसाच राहिला, तर मराठी शब्दांना परक्या भाषेचे उच्चारनियम लागतात. आवाज यांत्रिक आहे हे खरं, पण वेग वाढवला तरी शब्द सुटे ऐकू येतात, आणि तपासणीला तेच हवं असतं. सजावटीसाठी शब्दातलं प्रत्येक अक्षर वेगळ्या स्पॅनमध्ये टाकणं मात्र देवनागरीत फारच महागात पडतं. मात्रा व्यंजनापासून सुटते आणि शब्दाचा चुरा होतो.

एनव्हीडीएला न कळणाऱ्या गोष्टीही बऱ्याच आहेत, आणि त्या वेगळ्या तपासाव्या लागतात. रंगभेद त्यातला पहिला. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५:१ प्रमाण लागतं, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर #७७७७७७ हा करडा ४.४८ वर येऊन नापास होतो आणि #७६७६७६ जेमतेम पास; डोळ्यांना यात काडीचाही फरक दिसत नाही, म्हणून मोजायलाच हवं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत टचच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल ठरला आहे, जवळच्या बटनांत पुरेशी मोकळी जागा असेल तर सवलत मिळते. मग १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत ४०० टक्के झूम करा. मजकूर आडवा सरकवावा लागता कामा नये. याच झूममध्ये ठरावीक उंचीच्या बटनांतले उकार खालून आणि वेलांट्या वरून कापल्या जातात. उंचीऐवजी किमान उंची दिली की ते थांबतं.

आणि फोकस कुठे आहे ते दाखवणारी कडा. सीएसएसमध्ये आउटलाइन नन लिहून ती पुसलेली असते, एनव्हीडीए मात्र सगळं व्यवस्थित बोलत राहतो, त्यामुळे दोष सुटून जातो. ज्यांना दिसतं पण माउस धरता येत नाही, त्यांच्यासाठी ते पान आंधळ्या कोशिंबिरीसारखं होतं. म्हणून क्रम असा ठेवलेला बरा: आधी स्क्रीन रीडर बंद ठेवून नुसता कीबोर्ड, मग एनव्हीडीए.

मर्यादा म्हणाल तर प्रोग्राम फक्त विंडोजवर आहे; आयफोनवरचा व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवरचा टॉकबॅक वेगळे वागतात, तेव्हा मोबाइलवर वेगळी फेरी करावीच लागते. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत तपासा, कारण एकात बोललेलं दुसऱ्यात गाळलं जातं असं अधूनमधून होतं. एका मध्यम फॉर्मला साधारण वीस मिनिटं लागतात. त्रुटी नोंदवताना एनव्हीडीए आणि ब्राउझरची आवृत्ती, दाबलेल्या कळांचा क्रम, स्पीच व्ह्यूअरमधली ओळ आणि तिथे काय ऐकू यायला हवं होतं, एवढं लिहिलं की डेव्हलपर परत विचारायला येत नाही. आणि साइट सुरू होण्याआधी, रोज स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या दोघा-तिघांना मानधन देऊन तेच फॉर्म भरायला सांगा. ‘कुठे क्लिक करा’ हे न सांगता फक्त काम सांगा आणि मध्ये बोलू नका.