सेप्टिक टँकमागचं हवेचं युनिट: घ्या, पण फिरतीच्या पाइपासकट

नागपूरच्या बेसा-बेलतरोडीकडे एकाच प्लॉटमध्ये सेप्टिक टँक आणि बोअरवेल असेल तर हे युनिट, म्हणजे टँकनंतर बसवायचा पंपाने हवा सोडणारा कप्पा, कामाचं आहे. साध्या टँकमधून बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, शोषखड्ड्याखाली त्याचं नायट्रेट होतं आणि ते भूजलात उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

हवेचा कप्पा चांगला जमलाय. प्लास्टिकच्या मीडियावर, म्हणजे आत भरलेल्या तुकड्यांवर, जिवाणू धरतात, अमोनियाचं नायट्रेट करतात. पण एवढ्याने नायट्रोजन जात नाही, फक्त रूप बदलतं! ते पाणी पंपाने टँकच्या पहिल्या कप्प्यात परत न्यावं लागतं. तिथे ऑक्सिजन नसतो आणि मैल्यातला कार्बन मिळतो, म्हणून नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. नेमका हाच पाइप 'ऐच्छिक' म्हणून वेगळा विकतात, हे पटत नाही. टँकमध्ये येणाऱ्या सांडपाण्याच्या दोन-तीन पट पाणी फिरवा. त्याहून जास्त फिरवलं तर विरघळलेला ऑक्सिजन टँकमध्ये शिरून काम अडवतो.

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 ग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, खर्च होते. पीएच 6.5 खाली घसरला तर थोडा खाण्याचा सोडा टाका. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर आणि सावलीत हवा. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, लवकर फाटतो. संडासात ॲसिड, फिनाईल ओतणाऱ्यांनी मात्र हे न घेता पैसे वाचवावेत, त्याने जिवाणूच मरतात.