डबा भरलेला परत आला, तर कुठं सांगायचं?

मी नागपूरच्या नंदनवन भागात मेस चालवते. बावीस पोट्टे, बहुतेक डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारे. कोण जेवून नाही राहिला, हे त्याच्या आईच्या आधी मला कळते. पण कळल्यावर करायचं काय, हे गेल्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत दर रविवारी समुपदेशक बाई बसतात. फी नाही. खोली अभ्यासिकेची, चहा गणेश मंडळाचा, बाईंचं मानधन होस्टेलवाले आणि क्लासवाले मिळून देतात. (क्लासवाल्यांच्या खिशातून पैसे निघाले, हेच नवल!) पण खरं काम खोलीच्या बाहेर झालं. मेसवाल्या, वॉर्डन, झेरॉक्सवाला, अशा आम्हा सगळ्यांना बाईंनी आधी चार शनिवार शिकवलं.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शंका आली तर सरळ विचारा, मरावंसं वाटते काय?" मी म्हटलं, "बाप्पा! डोक्यात नसलं तरी येईल ना!" त्या म्हणाल्या, विचारल्यानं येत नाही, उलट पोरगं मोकळं होते. 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही. आणि रात्री-बेरात्री १४४१६ लावायचा: टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. होस्टेलवाल्या भाऊंना पोलिसांचीच धास्ती. त्यांना २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगितला: जिवाचं बरंवाईट करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

ऑगस्टात गोंदियाकडच्या एका पोट्ट्याचा डबा तीन दिवस तसाच परत आला. चौथ्या दिवशी मीच घेऊन गेले.
"काहून रे, जेवून नाही राहिला?"
"भूक नाही काकू."
बसले. विचारलं. जीभ जड झाली होती, खोटं कशाला बोलू. तो डब्याच्या झाकणाकडं पाहत राहिला, मग मान हलवली. माझ्याच मोबाइलवरून १४४१६ लावला आणि त्याच्या हातात दिला. रात्री त्याचे बाबा येईपर्यंत मी उठले नाही. पोळ्या त्या दिवशी शेजारणीनं केल्या. सकाळी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार ओपीडीत जायला बाईंनी मंडळाचा एक कार्यकर्ता सोबत दिला. एरवी विसर्जनात ढोल बडवणारा हा बुवा चिठ्ठीच्या रांगेत दोन तास उभा राहिला.

आता उणं. वेळ अकरा ते एक, आणि रविवारी तेव्हाच क्लासची टेस्ट! खोलीची भिंत प्लायवूडची. आतलं बोलणं जिन्यात ऐकू येते. मुली तर येतच नाहीत, कारण जिना पोरांच्या हॉलमधून जातो. मंडळवाल्यांना दोनदा सांगितलं. "पाहू काकू" म्हणतात.

या रविवारच्या खोलीला माझे पाचपैकी चार तारे. पाचवा जिन्यासाठी राखून ठेवला आहे. बाहेरून लोखंडी जिना लावायला किती लागतील, ते वेल्डिंगवाल्याला विचारून आले आहे; पुढच्या शनिवारी कागद मंडळाच्या टेबलावर ठेवते.